श्यामच्या गोष्टीत वाईट कोण?

जयगडहून आम्ही गटातल्या बायका बोलतो आहोत. चुलीवर काही ठेवले असेल तर आच कमी करा आणि घटकाभर बसा.

तुम्हाला माहीतच आहे, १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. होड्या वर ओढलेल्या, जाळी पडवीत, पुरुषमाणसे घरात. शेतीची लावणी उरकली की संध्याकाळी थोडी उसंत मिळते. यंदा आम्ही ठरवले की गटाची बैठक झाल्यावर नुसते उठून जायचे नाही, एक पुस्तक वाचायचे. आमच्यातली एक सून बारावी शिकलेली आहे, ती वाचणार आणि बाकीच्या ऐकणार. पुस्तक घेतले साने गुरुजींचे ‘श्यामची आई’. त्या पुस्तकात प्रकरणांना ‘रात्र’ म्हटले आहे, पहिली रात्र, दुसरी रात्र अशा बेचाळीस रात्री. बंदीचे दिवस एकसष्ट. म्हटले, मधे चार दिवस वीज गेली तरी पुस्तक पुरे होईल. आणि झालेही.

पंधरा-वीस रात्री झाल्यावर आमच्यातल्या सगळ्यात म्हाताऱ्या काकींनी विचारले, “अगो, सगळे ऐकले मी. पण ह्यात वाईट माणूस कोण? रामायणात रावण आहे. टीव्हीवरच्या मालिकेत ती एक मेली कारस्थानी जाऊ असते. इथे कोण?”

आम्ही सगळ्या गप्प झालो. कारण उत्तर कुणालाच येईना. तेव्हापासून हा प्रश्न आमच्या डोक्यात आहे. आजचे बोलणे त्याच प्रश्नावर आहे.

आधी ज्यांनी पुस्तक वाचले नसेल त्यांच्यासाठी थोडे सांगतो. ही गोष्ट परक्या मुलखातली नाही. पालगड हे आपल्याच रत्नागिरी जिल्ह्यातले, दापोली तालुक्यातले गाव. जयगडहून जायचे तर फेरीबोटीने तवसाळला उतरायचे, गुहागरवरून धोपाव्याला जायचे, तिथून पुन्हा फेरीबोटीने दाभोळ, मग दापोली आणि पुढे पालगड. तिथे २४ डिसेंबर १८९९ रोजी पांडुरंग सदाशिव साने यांचा जन्म झाला. तेच आपले साने गुरुजी. स्वातंत्र्याच्या चळवळीत ते तुरुंगात गेले. १९३३ च्या फेब्रुवारीत नाशिकच्या तुरुंगात पाच दिवसांत त्यांनी हे पुस्तक लिहिले, आणि १९३५ साली ते छापून आले. आश्रमातला श्याम रोज रात्री मित्रांना आपल्या आईची एकेक आठवण सांगतो, अशी त्याची मांडणी आहे. आचार्य अत्र्यांनी त्यावर १९५३ साली सिनेमा काढला आणि देशातला उत्तम चित्रपट म्हणून त्याला राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळाले. पुष्कळ जणींनी तो सिनेमा पाहून पदर ओला केला असेल. पण रडून झाल्यावर विचार करायचा राहून जातो.

काकींच्या प्रश्नाचे उत्तर शोधताना आमच्या वाचणाऱ्या सुनेने आणखी एक गोष्ट सांगितली. तिला शाळेत होती ती. चार्ल्स डिकन्स नावाच्या इंग्रज लेखकाची ‘ऑलिव्हर ट्विस्ट’. १८३७ ते १८३९ या काळात ती मासिकातून क्रमाने आली. ऑलिव्हर हे अनाथ पोर. गरिबांसाठीच्या सरकारी आश्रयगृहात जन्मलेले. तिथे पोरांना पातळ पेज मिळायची. एक दिवस भुकेने हा पोरगा वाडगा घेऊन पुढे जातो आणि आणखी मागतो, तर केवढा गहजब होतो! पुढे तो लंडनला पळतो आणि फॅगिन नावाच्या म्हाताऱ्याच्या हाती सापडतो. फॅगिन गरीब पोरांना खिसे कापायला शिकवतो. बिल साइक्स नावाचा दरोडेखोर आहे, तो तर नॅन्सी नावाच्या पोरीचा जीवच घेतो, का तर तिने ऑलिव्हरला वाचवायची खटपट केली. आणि दुसऱ्या बाजूला ब्राउनलो नावाचे सज्जन गृहस्थ आहेत, ते पोराला घरी नेतात.

ऐकल्याबरोबर काकी म्हणाल्या, “हां, ह्यात कळले. तो म्हातारा वाईट, तो खुनी वाईट, तो गृहस्थ चांगला.”

खरेच आहे. त्या गोष्टीत चांगले आणि वाईट अशा दोन बाजू आहेत आणि पोर मधे सापडले आहे. शेवटी कळते की ऑलिव्हर चांगल्या घरातला आहे, आणि त्याचे दिवस पालटतात. श्यामच्या गोष्टीत तसे होत नाही. कुणी श्रीमंत नातेवाईक येऊन घर सोडवत नाही. आई दारिद्र्यातच जाते, आणि शिकायला दूर गेलेला श्याम तिच्या शेवटच्या क्षणी पोचूही शकत नाही.

मग श्यामच्या गोष्टीत वाईट आहे तरी कुठे? आम्हाला ते दोन ठिकाणी सापडले.

पहिले ठिकाण म्हणजे श्यामचे स्वतःचे मन. हा श्याम काही देवाघरचे लेकरू नाही. तो हट्ट करतो, घाबरतो, लपतो, लोभात पडतो. आंघोळ झाल्यावर पायाला माती लागू नये म्हणून आईने पदर पसरावा असा हट्ट धरणारा हाच. आई पदर पसरते, पण सांगते की पायाला जसा जपतोस तसा मनालाही जप. झाडावरच्या कळ्या उमलायच्या आधीच तोडणारा हाच. आई त्याला सांगते की त्यांना झाडावर फुलू द्यावे. पोहायला जायचे म्हटल्यावर लपून बसणाराही हाच, आणि तेव्हा मात्र आई शिंपटीने मारते. नंतर त्याच्या अंगावरचे वळ पाहून तिचाच जीव तुटतो.

आणि ‘मोठा होण्यासाठी चोरी’ नावाची एक रात्र आहे. श्यामला वाचायला पुस्तक हवे असते. घरात पैसा नाही. घरी आलेल्या पाहुण्याचे पैसे तो उचलतो. त्याच्या मनात काही वाईट नव्हते, शिकून मोठे व्हायचे होते. पण चोरी ती चोरी. हेतू चांगला होता म्हणून आई चोरीला दुसरे नाव देत नाही. त्याच वेळी पोराला चोर ठरवून टाकूनही देत नाही.

इथे आमची बरीच चर्चा झाली. कारण आपल्याकडे काय होते? गरिबाच्या पोराने दुकानातली गोळी उचलली तर लगेच म्हणतात, “त्यांच्यात असेच असते.” आणि बऱ्या घरच्या पोराने उचलली तर म्हणतात, “लहान आहे, कळत नाही.” चूक एकच, पण आपण माप दोन लावतो. श्यामची आई एकच माप लावते. गरिबी आहे म्हणून चोरी माफ नाही, आणि चोरी केली म्हणून पोर वाया गेले असेही नाही. आमच्यातली एक ताई म्हणाली, “माझ्या पोराने गेल्या वर्षी माझ्या डब्यातले वीस रुपये घेतले तेव्हा मी त्याला शेजाऱ्यांसमोर बडवला. आधी एकटा बसवून विचारले असते तर बरे झाले असते.” त्यावर कुणी काही बोलले नाही, पण पुष्कळ जणींनी माना खाली घातल्या.

आणखी एक रात्र सांगतो, कारण ती फक्त आईची नाही. ‘अळणी भाजी’. आई कामाच्या गडबडीत भाजीत मीठ घालायला विसरते. श्यामचे वडील ती भाजी गुपचूप खातात, एक शब्द बोलत नाहीत. मुलेही त्यांच्याकडे बघून खातात. आई जेवायला बसते तेव्हा तिला कळते, आणि ती हळहळते. हे ऐकून आमच्या बायका हसल्या. एक म्हणाली, “आमच्याकडे ताट भिंतीवर गेले असते.” हसण्यावारी नेले, पण बोलणे खरे होते. त्या घरात पैसा नव्हता, पण ताटावर बसून बाईला टाकून बोलणेही नव्हते. चांगुलपणा एकट्या आईने करायचा आणि बाकीच्यांनी तो बघायचा, असे त्या घरात नव्हते, निदान त्या दिवशी तरी नव्हते.

आता वाईटाचे दुसरे ठिकाण. ते मनात नाही. ते दारात येऊन उभे राहते. ते म्हणजे कर्ज.

श्यामचे घराणे खोताचे. खोत म्हणजे सरकारचा सारा कुळांकडून वसूल करून भरणारा. एके काळी घर बरे होते. मग वाटण्या, कज्जे, कर्ज असे एकामागून एक आले. वडिलांना भावांच्या घरातून बाहेर पडावे लागले. मातीच्या भिंतींची झोपडी झाली. आणि सावकाराचे देणे वाढत गेले. एका रात्रीत सावकाराचा माणूस वसुलीला येतो आणि घरच्या बाईबद्दल नको ते बोलतो. तेव्हा ही गरीब, सोशिक म्हणून आपण जिला ओळखतो ती बाई माजघरातून बाहेर येते आणि त्याला ओटीवरून चालते व्हायला सांगते. पुढे जप्तीची दवंडी गावभर फिरते. ढोल वाजतो. शाळेत पोरे श्यामच्या धाकट्या भावाला चिडवतात. आईला गावात तोंड दाखवणे नको होते.

काकींनी लगेच विचारले, “मग सावकार वाईट ना?” आम्ही म्हटले, वाईट तर खराच. पण पुस्तकात सावकार फारसा दिसतच नाही. दिसतो तो त्याचा पगारी माणूस. दिसतो ढोल वाजवणारा, तो पोटासाठी वाजवतो. दिसतात चिडवणारी पोरे, ती अजाण. प्रत्येकाने थोडे थोडे केले आणि सगळे मिळून एका बाईची अब्रू रस्त्यावर आली. फॅगिनसारखा एकटा राक्षस असता तर त्याच्याकडे बोट दाखवता आले असते. इथे बोट दाखवायला गेलो तर ते फिरून आपल्याकडेच येते.

मैत्रिणींनो, ते आमच्याकडे कसे आले ते सांगतो. सांगायला लाज वाटते, पण सांगतो.

काही वर्षांपूर्वी आमच्यातल्या काही जणींनी मिळून एका कंपनीकडून कर्ज घेतले होते. एकीचा हप्ता चुकला की बाकीच्यांनी भरायचा, अशी बोली होती. एका बाईचे दोन हप्ते चुकले. तिचा नवरा आजारी होता. वसुलीचा माणूस आम्हाला म्हणाला, “तुम्हीच जा आणि आणा.” आणि आम्ही गेलो. नऊ-दहा जणी तिच्या ओटीवर जाऊन बसलो. संध्याकाळची वेळ, येणारे-जाणारे बघताहेत. आम्ही उठलो नाही, हप्ता मिळेपर्यंत उठलो नाही. तिने कानातले काढून दिले. त्यानंतर ती गटात आली नाही.

दवंडीची रात्र वाचली त्या दिवशी वाचणारी सून थांबली, आणि कुणीतरी हळूच म्हणाले, “तो ढोल आपणच वाजवला होता.” त्या रात्री पुढचे वाचन झाले नाही.

आमच्यात कुणी वाईट नव्हती. प्रत्येकीला आपला हप्ता, आपले घर होते. पण आम्ही वाईट केले. हे पुस्तकाने आम्हाला दाखवले.

आता एक प्रश्न राहतो, आणि त्यावर आमचे एकमत झाले नाही. श्यामची आई चांगली, म्हणजे काय? तिने सोसले म्हणून चांगली का? आमच्यातल्या वयस्क बायका म्हणाल्या, “होय. तिने सोसले म्हणून पोर घडले.” तरण्या म्हणाल्या, “नाही. सोसून ती मेली.” आम्ही पुस्तक परत उघडले. त्यात आई नवऱ्याला सांगते की जमिनीचा तुकडा विकू आणि कर्जातून मोकळे होऊ. वडिलांना ते पटत नाही. वाडवडिलांची जमीन म्हणजे त्यांची अब्रू. त्यांचे मन वाईट नव्हते. अळणी भाजी गुपचूप खाणारे तेच वडील. पण पैशाच्या गोष्टीत बायकोचे ऐकायचे असते हे त्यांच्या मनातही आले नाही. शेवटी जमीनही गेली आणि अब्रूही. मग आम्हाला वाटले, आईचा चांगुलपणा सोसण्यात आहेच, पण तिचे शहाणपणही त्यातच आहे. आपण तिच्या अश्रूंच्या गोष्टी सांगतो, सल्ल्याची गोष्ट सांगत नाही.

आणि पुस्तकातही चांगुलपणा पुरा झालेला नाही, हेही बोलले पाहिजे. एक म्हातारी महार बाई रस्त्यात मोळी पडून खोळंबली आहे. विटाळ होईल म्हणून कुणी हात लावत नाही. आई श्यामला सांगते की जा, तिला मोळी उचलून दे, आणि मग येऊन आंघोळ कर. आमच्या गटातली एक ताई चटकन म्हणाली, “मोळी उचलली ते चांगले. पण आंघोळ कशाला?” बरोबर विचारले तिने. त्या काळात, त्या घरातल्या बाईने पुढे टाकलेले ते एक पाऊल होते, वाट पुरी नव्हती. पुढची वाट लेकाने धरली. १ मे १९४७ रोजी साने गुरुजी पंढरपूरला उपोषणाला बसले, विठ्ठलाचे देऊळ हरिजनांना उघडावे म्हणून. दहा दिवसांनी ते देऊळ उघडण्याचे ठरले आणि उपोषण सुटले.

खोतीचेही तसेच. आमच्यातल्या काही घरांतल्या आजेसासवा कुळाच्या. त्यांनी खोताच्या अंगणात भात मोजून घातलेला. श्यामच्या घरावर सावकार आला तेव्हा आपण रडतो, पण कुळाच्या भाताच्या कणगीवर खोत यायचा, त्यावर कुणी पुस्तक वाचले? डॉक्टर आंबेडकरांनी १९३७ साली मुंबईच्या विधिमंडळात खोती बंद करण्याचे बिल मांडले. तेही आपल्याच रत्नागिरी जिल्ह्यातल्या मूळ गावचे, मंडणगडकडच्या आंबडव्याचे. स्वातंत्र्यानंतर कायद्याने खोती संपली. म्हणजे एकाच कोकणात, एकाच काळात, खोताचे घर सावकाराखाली दबलेले आणि कुळाचे घर खोताखाली. ज्याला वरून मार बसतो तो खाली मार देत नाही असे नाही. आम्ही ओटीवर बसलो तेव्हा आम्हीही तेच केले.

डिकन्सला हे ठाऊक असावे. त्याचा बाप कर्जापायी १८२४ साली तुरुंगात गेला आणि बारा वर्षांचा चार्ल्स बुटाच्या पॉलिशच्या कारखान्यात डब्यांना कागद चिकटवत बसला. कर्जाने बालपण जाते, हे लंडनला तसेच पालगडला.

आता कामाचे बोलू. आज कर्जवसुलीला नियम आहेत, आणि ते प्रत्येकीला पाठ हवेत. रिझर्व्ह बँकेचे २०२२ पासूनचे नियम असे आहेत. घराचे वर्षाचे उत्पन्न तीन लाखांपर्यंत असेल तर बिनतारण लहान कर्जाला हे नियम लागतात. घराच्या सगळ्या कर्जांचे मिळून हप्ते महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्याहून जास्त होता कामा नयेत. वसुलीच्या माणसाने सकाळी ९ च्या आधी आणि संध्याकाळी ६ नंतर फोन करायचा नाही. धमकी, शिवीगाळ करायची नाही. नातेवाइकांना, शेजाऱ्यांना त्रास द्यायचा नाही. कर्जदाराचे नाव चारचौघांत जाहीर करायचे नाही. म्हणजे दवंडी आता बंद आहे, बरं का. आणि गावातला सावकार असेल तर महाराष्ट्रात २०१४ च्या कायद्याप्रमाणे त्याच्याकडे परवाना लागतो. नसेल तर तालुक्याच्या सहायक निबंधकांकडे तक्रार करता येते.

आणि आम्ही आमच्या गटापुरते ठरवले ते असे. हप्ता चुकला तर घोळक्याने कुणाच्या दारात जायचे नाही. दोघी जातील, दिवसा जातील, आणि पहिला प्रश्न “पैसे कुठे?” असा नसेल, “काय झाले?” असा असेल. नवे कर्ज घेण्याआधी नवरा-बायको दोघे बैठकीला येतील, आणि बाईचे म्हणणे आधी ऐकले जाईल. पोराने काही उचलले तर त्याला एकटे बसवून विचारायचे, चव्हाट्यावर नाही.

ती बाई, जिने कानातले काढून दिले, तिच्याकडे आमच्यातल्या दोघी परवा गेल्या होत्या. माफी मागितली. तिने चहा केला, पण गटात येते असे म्हणाली नाही. कानातल्याचे पैसे आम्ही वर्गणी काढून देणार आहोत. ती घेईल की नाही ते आम्हाला ठाऊक नाही.

काकींना आम्ही शेवटी विचारले, “मग काकी, सापडला का वाईट माणूस?” त्या म्हणाल्या, “नाही सापडला गो. म्हणून तर आता जास्त जपून राहायला हवे.”

तुमच्या गटातही हे पुस्तक वाचा. पावसाच्या रात्री पुष्कळ आहेत. आणि तुमच्यात कुणाला श्यामच्या गोष्टीतला वाईट माणूस सापडला, तर आम्हाला जरूर कळवा.